घाटात न्यूटल मारून पेट्रोल वाचत नाही हो!

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण घाटाचं जे लिहिलंय तेवढं ठेवा ही विनंती. माझं चिपळुणात छोटं गॅरेज आहे, फोर व्हीलरचं. वडापवाले, टुरिस्ट गाड्यावाले, आंब्याच्या पिकअपवाले आणि शिमग्या-गणपतीला मुंबईहून येणारे चाकरमानी असं सगळं गिऱ्हाईक. गाडी कुठलीही असो, माणूस उतरला की पहिलं वाक्य ठरलेलं, "दादा, ॲव्हरेज पडलंय, जरा बघा ना." आणि हल्ली लगेच मोबाईल पुढे करतात, त्यात व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या पेट्रोल वाचवायच्या युक्त्या. त्यातली एक युक्ती इतक्या जणांनी दाखवली की शेवटी म्हटलं पेपरातच लिहावं. ती अशी, की उतार लागला की गाडी न्यूटल करा, म्हणजे गिअर काढून नुसती सोडून द्या, आणि कुणा शहाण्याने पुढे जोडलंय की उतार लांब असेल तर सरळ इंजिनच बंद करा.

हे लिहिणाऱ्याने आमचा चिपळूण-कराड रस्त्यावरचा कुंभार्ली घाट बघितलेला नसावा, किंवा बघितला असेल तर मागच्या सीटवर झोपून.

आता एक खरं सांगतो, हा सल्ला पूर्वी अगदीच खुळ्याचा नव्हता. अँबेसिडर, फियाट, जुनी मारुती ८००, ह्यांना कार्बोरेटर असायचा, हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा. तुम्ही एक्सलेटरवरून पाय काढला तरी इंजिन फिरतंय म्हणजे हवा ओढणार, आणि हवेबरोबर थोडं पेट्रोलही ओढलं जाणार, त्यामुळे न्यूटलला चार थेंब वाचायचे. तेव्हाच्या ड्रायव्हरांनी तसं केलं, त्यांचं बघून क्लिनर शिकले, क्लिनरचे ड्रायव्हर झाले आणि त्यांनी पोरांना शिकवलं, असं चालत आलंय. पण २००० सालच्या आसपास आपल्याकडच्या गाड्यांना इंजेक्शन आलं, म्हणजे मोजून पेट्रोल फवारणारे इंजेक्टर, आणि एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-सिक्स नियम लागू झाल्यावर नव्या बाईकसुद्धा बहुतेक इंजेक्शनच्याच झाल्या. ह्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो. गाडी गिअरमध्ये आहे, एक्सलेटरवर पाय नाही आणि तरी इंजिन आयडलच्या (उभ्या गाडीत नुसतं चालू असतं त्याच्या) चांगलं वर फिरतंय असं त्याला दिसलं की तो इंजेक्टर बंदच करून टाकतो. पेट्रोल शून्य. कारण चाकंच इंजिनाला फिरवतायत, मग पेट्रोल कशाला पाहिजे? आणि तुम्ही न्यूटल मारलीत की चाकाचा आणि इंजिनाचा संबंध तुटला, मग इंजिन बंद पडू नये म्हणून कॉम्प्युटर आयडलचं पेट्रोल सोडत बसतो. म्हणजे वाचवायला गेलात ते उलट जाळून आलात. डिझेल गाडीलाही हेच.

विश्वास बसत नसेल तर मीटरमध्ये चालू ॲव्हरेज दाखवणारी गाडी असेल ती घ्या, शेजारी बसलेल्याला आकड्यावर लक्ष ठेवायला सांगा (तुम्ही रस्त्यावर ठेवा!) आणि थर्डमध्ये घाट उतरा. आकडा पार टोकाला जाऊन चिकटतो, बऱ्याच गाड्यांत ९९.९ दिसतो, कारण जळतच काही नाहीये. न्यूटल मारून तुलना करायला जाऊ नका, त्याची गरजच नाही. उभ्या गाडीत इंजिन चालू असताना जेवढं जातं तेवढंच न्यूटलमध्ये जातं, छोट्या गाडीला तासाला साधारण अर्धा लिटर, एसी लावला की त्याच्या वर.

पण पेट्रोलचं सोडा हो, चार थेंब इकडे गेले काय आणि तिकडे गेले काय. न्यूटलमध्ये गाडी धरून ठेवायला फक्त ब्रेक उरतो, आणि घाट काही दोन वळणांत संपत नाही. माझ्याकडे अशा गाड्या येतात, चाक खोललं की डिस्क निळी पडलेली, पॅड काचेसारखं चकचकीत, आणि वास असा की बाजूचा चहावाला येऊन विचारतो काय जाळलंत म्हणून. त्यात आपल्या कोकणातली एक भानगड वेगळी आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बाकीचे महिने घाम, त्यामुळे ऑइल जुनं असेल तर त्यात पाणी चांगलंच मुरलेलं असतं. असं ऑइल घाटात तापलं की लवकर उकळतं, पाइपात वाफ धरते, आणि पॅडल सरळ खाली जातं, गाडी थांबतच नाही. दोन वर्षांतून एकदा ब्रेक ऑइल बदला सांगितलं तर लोक म्हणतात बिल वाढवतोय, म्हणोत बापडे.

आणि इंजिन बंद करणाऱ्यांना तर हात जोडतो. इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा बूस्टर गेला, एक-दोनदा दाबेपर्यंत जोर राहतो आणि मग पॅडल दगडासारखं होतं. स्टिअरिंग जड होतं. आणि चुकून चावी काढलीत तर वळणावर स्टिअरिंग लॉक. हे सगळं किती रुपयांसाठी?

मग घाट उतरायचा कसा? जुने एसटी ड्रायव्हर सांगतात तसाच, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. चढताना सेकंड लागला ना, मग उतरतानाही सेकंड, ब्रेकवर पाय फक्त वळणाच्या आधी. इंजिन गुर्र करतं म्हणून घाबरायचं नाही, एक्सलेटरवर पाय नसताना नुसत्या त्या आवाजाला पेट्रोल लागत नाही. ऑटोमॅटिकवाल्यांनी मॅन्युअलला टाकून खालचा गिअर धरावा, एन ला हात लावू नये. स्कूटरवाली पोरं परशुराम घाटात स्कूटर बंद करून सुसाट खाली येतात, हेडलाईट पण बंद, आवाज पण नाही, समोरच्याला कळणार कसं कुणी येतंय ते. घरच्यांनीच त्यांचे कान उपटावेत, माझं ऐकत नाहीत.

आता चढ. इथे मात्र पेट्रोल जाणारच, त्याला कुणाची युक्ती चालत नाही. हजार-बाराशे किलोची गाडी पाचशे मीटर वर न्यायची तर नुसतं वजन उचलायलाच पाऊण लिटरच्या आसपास जातं, कारण इंजिनात जळलेल्या पेट्रोलमधला जेमतेम पाव भाग चाकापर्यंत पोचतो, बाकी सगळी गरमी होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर. म्हणून कराडला जाऊन आलेला माणूस गुहागरला जाऊन आलेल्याशी ॲव्हरेजची तुलना करायला लागला की मला हसू येतं. तुलना करायची तर आपल्याच गाडीची, त्याच रस्त्यावर, टाकी फुल ते टाकी फुल.

चढावर जे वाचतं ते उजव्या पायात नाही, डाव्या पायात वाचतं. हाफ क्लच! समोर ट्रक रखडलाय, हा मागे क्लच अर्धा दाबून रेस देत गाडी तोलून धरतोय, ब्रेक लावायला नको, हँडब्रेक ओढायला नको. इंजिनाची ताकद सगळी प्लेट घासण्यात. पाच मिनिटांत जळका वास सुटतो आणि वर चढून आल्यावर मला फोन, "दादा गाडी रेस होतेय पण पळत नाय." क्लच प्लेटचं काम म्हणजे गिअरबॉक्स उतरवायला लागतो, छोट्या गाडीला पण हजारोंचं बिल होतं. तेवढ्यात किती लिटर येतं त्याचा हिशोब तुम्हीच करा. एएमटीवाले, म्हणजे ज्यांच्या गाडीत क्लच आणि गिअर आपोआप चालतात ते, तर ह्यात सगळ्यात पुढे, क्लच पॅडल दिसत नाही म्हणून त्यांना वाटतं क्लचच नाही, चढावर एक्सलेटरने गाडी धरून ठेवतात. अहो आत क्लच आहे, आणि तो घासतोय.

दुसरं, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नुसता शहाणपणा नाही, अरुंद घाटरस्त्याला नियमच आहे तो. लोडेड पिकअप चढावर एकदा थांबली की परत फर्स्टमधून उचलायला किती डिझेल जातं ते त्या ड्रायव्हरला विचारा. आपण रिकामी गाडी घेऊन वरून येतोय, दहा सेकंद थांबलो तर काय बिघडलं? पण नाही, लाईट मारत घुसायचं. दुसऱ्याचं डिझेल वाचवणं हीसुद्धा बचतच आहे, पण ती कुठल्या फॉरवर्डमध्ये येत नाही.

सपाटीवरचं थोडक्यात सांगतो. पीसीआरए म्हणून केंद्र सरकारची संस्था आहे, १९७८ पासून इंधन बचतीचंच काम करते, त्यांचं कधीपासूनचं सांगणं आहे की ४५ ते ५५ च्या स्पीडला गाडी सगळ्यात कमी पिते. आता चौपदरीवर कुणी ५० ने जाणार नाही हे मलाही कळतं. पण ८० आणि १०० मधला फरक तरी समजून घ्या. स्पीड सव्वापट झाला की हवेचा विरोध दीडपटीच्या वर जातो, तो सगळा पेट्रोलमधून भरायचा, आणि पुढच्या डायव्हर्जनला ट्रकच्या मागे जाऊन उभं राहायचं. मागे टाकलेली एसटी तिथे येऊन बरोब्बर तुमच्या मागे उभी राहते, आणि तिचा ड्रायव्हर बघा, लांबूनच पाय काढलेला असतो, गाडी गिअरमध्ये आपसूक हळू होत येते, ब्रेक जवळपास लावतच नाही. एसटीत डिझेलच्या ॲव्हरेजवर डेपोचं लक्ष असतं, म्हणून ही सवय लागते. ब्रेक मारला म्हणजे जाळलेलं पेट्रोल गरमी करून फेकून दिलं, एवढं डोक्यात ठेवून लांबवर बघत चालवलं तरी खूप झालं.

वडापवाल्या भावांसाठी सरळ हिशोब देतो. दिवसाला शंभर किलोमीटर, गाडी १५ देते ती १७ द्यायला लागली तर रोज पाऊण लिटरच्या वर वाचतं. वर्षात तीनशे दिवस धंदा धरला तर साधारण २३५ लिटर. लिटरला नव्वद धरले तरी एकवीस हजार रुपये. विम्याचा हप्ता सुटेल त्यात. आणि १५ चे १७ करायला इंजिन खोलायला लागत नाही, गिअर लवकर टाका, रेस कमी द्या आणि हवा बघा.

हवेवरून आठवलं. टायरची हवा सकाळी थंड टायरवर बघायची, किती पाहिजे ते ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या आतल्या पट्टीवर छापलेलं असतं, पंपावरच्या पोराला "मार पस्तीस" सांगायचं नसतं. लोड असेल तर आकडा वेगळा, तोही तिथेच असतो.

चाकरमान्यांच्या गाड्यांचं दुखणं मात्र वेगळंच असतं. काहीजण गावाला एक जुनी गाडी ठेवून जातात, मे महिन्यात आले की चालवायची, मग गणपतीला. मधले तीन-चार महिने गाडी अंगणात, ताडपत्रीखाली, हँडब्रेक ओढून. खाऱ्या हवेत आणि पावसात ब्रेकचा कॅलिपर गंजतो, पिना जाम होतात, मागचे लायनर ड्रमला धरतात. मग गाडी चालते पण ब्रेक अर्धवट लागलेलाच राहतो, आणि साहेब म्हणतात पेट्रोलमध्ये भेसळ आहे. ओळखायचं सोपं, पाच-सात किलोमीटर ब्रेक जास्त न वापरता चालवा, उतरून चारी रिमच्या जवळ हात न्या, हात लावू नका, नुसता जवळ न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं की तिथे ब्रेक धरतोय. आणि गाडी महिनोन्महिने ठेवायची असेल तर सपाट जागेवर गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक ओढून ठेवू नका.

येताना छपरावर कॅरिअर, त्यावर सामान, ताडपत्री फडफडतेय, हे गणपतीला समजू शकतो, माणसं आणि सामान दोन्ही न्यायचंय. पण तो कॅरिअर दिवाळीपर्यंत तसाच! रिकामा कॅरिअरसुद्धा वारा अडवतो. चार बोल्ट असतात, काढून ठेवा.

मग गाडी उभी आणि इंजिन चालू. धोपाव्याला फेरीबोटीच्या रांगेत बघा एकदा सुट्टीच्या दिवशी. बोट पलीकडे दाभोळला, ती सुटणार, येणार, गाड्या उतरणार, मग ह्यांचा नंबर, पण अर्ध्या गाड्यांचे इंजिन घरघरतायत, काचा वर, एसी चालू, आत माणसं मोबाईलमध्ये. समोर खाडी, भन्नाट वारा, बाहेर उतरून उभं राहायला काय होतं? तसं ह्या फेरीबोटी म्हणजे आपल्या भागातली सगळ्यात मोठी इंधन बचत आहे, गुहागरहून दापोलीला चिपळूण-खेड वळसा घालून जायचं ते अंतर निम्म्याच्या वर कमी होतं, तिकडे तवसाळ-जयगडचंही तसंच. मग तिथे येऊन वाचवलेलं जाळत कशाला बसता? एकच अपवाद, टर्बो डिझेल गाडी घाट चढून वर आली आणि लगेच थांबवायची असेल तर मिनिटभर आयडलला ठेवा, टर्बो तापलेला असतो. मिनिटभर म्हणतोय, चहा होईपर्यंत नाही.

आता दोन आक्षेप नेहमी येतात ते सांगून टाकतो. एक, "ॲव्हरेज पडलंय ते ई-ट्वेंटीमुळे," म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे. थोडं खरं आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद एक तृतीयांश कमी, त्यामुळे फरक पडणारच, नीती आयोगाच्याच २०२१ च्या रिपोर्टात जुन्या पद्धतीच्या चारचाकींना ६-७ टक्के घट धरलेली आहे. पण १८ देणारी गाडी १२ द्यायला लागली तर तो इथेनॉलचा पराक्रम नाही, तिथे ब्रेक, हवा, एअर फिल्टर आणि तुमचा पाय बघायला लागेल. काहीजण टाकीत टाकायच्या बाटल्या आणि पाइपाला लावायचे लोहचुंबक घेऊन येतात, बसवून द्या म्हणतात. मी बसवत नाही, बाहेर कुणीतरी बसवून देतंच.

दुसरा आक्षेप जास्त जोरात येतो, "आधी रस्ते नीट करा, मग आम्हाला शिकवा." हे मात्र शंभर टक्के मान्य. २०११ पासून मुंबई-गोवा हायवेचं काम चाललंय आणि अजून डायव्हर्जन, खड्डे, पट्टे न मारलेले स्पीडब्रेकर. प्रत्येक खड्ड्याला ब्रेक, सेकंड, परत रेस, ह्यात जे डिझेल जातं त्याचा हिशोब कुणी देत नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांच्या वर बाहेरून आणायचं आणि ते आपल्या खड्ड्यात ओतायचं, ही कसली बचत? जानेवारी-फेब्रुवारीत इंधन बचतीचे बॅनर लागतात, तसेच ठेकेदाराच्या केबिनवर पण लावा. पण म्हणून आपण न्यूटल मारून घाट उतरायचा असं त्यातून निघत नाही. रस्ता वाईट आहे तर उलट गिअरमध्येच पाहिजे गाडी.

तिकडे तळकोकणात तर गंमतच. बांदा-सावंतवाडीची माणसं हद्दीपलीकडे पत्रादेवीला जाऊन टाकी भरतात, गोव्यात लिटरमागे काही रुपये स्वस्त म्हणून. जवळचे गेले तर ठीक, हिशोब बसतो. पण माझा एक नातेवाईक कुडाळहून खास त्यासाठी जातो, जाताना-येताना शंभरच्या खाली काटा नाही, आणि मला फोन करून सांगतो की आज इतके रुपये वाचवले. मी काय बोलणार, मोठा आहे वयाने.

शेवटची मागणी आहे ती बांधकाम खात्याकडे आणि हायवेवाल्यांकडे, आपल्या पेपरातून पोचली तर बरं. घाटाच्या माथ्यावर "अपघातप्रवण क्षेत्र, वाहने सावकाश चालवा" असे बोर्ड असतात, ते वाचून काय करायचं ते कुणाला कळत नाही. त्याऐवजी कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली, सगळीकडे उतार सुरू व्हायच्या आधी मराठीत मोठा बोर्ड लावा, "खालच्या गिअरमध्ये उतरा, न्यूटल करू नका", आणि खाली उतार संपतो तिथे ब्रेक थंड करायला गाडी बाजूला घ्यायची जागा ठेवा. खर्च फार नाही. मे महिन्याच्या गर्दीच्या आत झालं तर उत्तम, नाहीतर निदान गणपतीच्या आधी.

आपला,
एक गॅरेजवाला, चिपळूण
(नाव-पत्ता वेगळा कळवलाय, छापू नये, गिऱ्हाईकं ओळखतील स्वतःला.)